वाचकांचे प्रश्न : छोट्या देशाची कामगार संघटना आणि आपल्या तालुक्यातली युनियन

मागच्या अंकात ट्युनिशियाच्या राष्ट्रीय कामगार संघटनेवर एक पानाचे टिपण होते. उत्तर आफ्रिकेतला हा छोटा देश, तिथली यूजीटीटी ही कामगारांची मध्यवर्ती संघटना आणि २०१५ मध्ये आणखी तीन संस्थांसोबत तिला मिळालेले शांततेचे नोबेल, एवढा त्याचा विषय. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न ट्युनिशियाचे आहेत, काही सरळ आपल्या जिनिंगचे (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचे) आणि वावरातल्या मजुरीचे. दोन्ही एकाच सदरात घेतले आहेत, कारण युनियन कशावर उभी राहते हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

कामगारांच्या युनियनने सरकार आणि विरोधकांना एका टेबलावर बसवले, असे तुम्ही लिहिले. पगारवाढ मागणाऱ्यांचे राजकारण्यांनी का ऐकावे?
— विद्यार्थी, यवतमाळ

ट्युनिशियाची लोकसंख्या साधारण एक कोटी वीस लाख, म्हणजे आपल्या विदर्भाच्या जवळपास निम्मी. एवढ्या देशात यूजीटीटीचे सभासद काही लाख, आणि चोवीसही प्रांतांत तिची शाखा. शिक्षक, टपाल कर्मचारी, खाणकामगार, बंदरावरचे हमाल, रेल्वेवाले, दवाखान्यातल्या परिचारिका, सगळे एकाच छपराखाली. हुकूमशाहीच्या काळात विरोधी पक्षांना साधी सभा घेता येत नव्हती तेव्हाही युनियनची कार्यालये उघडी होती. त्यामुळे डाव्यांपासून राष्ट्रवाद्यांपर्यंत ज्याला कुठे बसायला जागा नव्हती, तो युनियनमध्ये बसला. देशभर जाळे असलेली आणि सरकारच्या मालकीची नसलेली दुसरी संस्था तिथे जवळपास नव्हतीच.

दुसरे कारण इतिहासात आहे. फ्रेंचांच्या राज्यात १९२४ मध्ये मोहम्मद अली अल-हामी यांनी ट्युनिशियन कामगारांची स्वतंत्र संघटना काढली. सरकारने ती काही महिन्यांतच मोडली आणि पुढाऱ्यांना हद्दपार केले. पुढे फरहत हशेद हा केरकेना बेटावरचा, वाहतूक कंपनीत नोकरी केलेला कार्यकर्ता फ्रेंच युनियनमध्ये काम करू लागला. तिथे आपल्या माणसांचे प्रश्न मागेच राहतात, असे त्याच्या लक्षात आले. १९४४ मध्ये तो बाहेर पडला. उत्तरेकडच्या, दक्षिणेकडच्या आणि सरकारी नोकरांच्या संघटना एकत्र आणून त्याने २० जानेवारी १९४६ रोजी यूजीटीटी उभी केली. ५ डिसेंबर १९५२ रोजी त्याचा खून झाला. देश स्वतंत्र झाला २० मार्च १९५६ रोजी. म्हणून तिथे युनियनकडे फक्त पगाराचे भांडण करणारी संस्था म्हणून कोणी पाहत नाही. स्वातंत्र्याच्या हिशेबात तिचा वाटा आहे, हे तिचे विरोधकही मान्य करतात.

स्वतंत्र देशाच्या सरकारशीही तिचे नेहमी जुळले असे नाही. २६ जानेवारी १९७८ च्या सार्वत्रिक संपात लष्कराने गोळीबार केला, अनेक जण मेले आणि नेते तुरुंगात गेले. २०११ मध्ये हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष बेन अली यांची राजवट पडली तेव्हा राष्ट्रीय नेतृत्व सुरुवातीला कचरत होते. सिदी बुझीदसारख्या मागास जिल्ह्यांतल्या शाखांनी मात्र आंदोलकांना जागा दिली. स्फाक्समध्ये १२ जानेवारीला संप झाला, १४ जानेवारीला राजधानीत झाला, आणि त्याच दिवशी बेन अली देश सोडून गेले.

आता टेबलाची गोष्ट. २०१३ मध्ये फेब्रुवारीत शोक्री बेलईद आणि जुलैत मोहम्मद ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांचे खून झाले. घटना समितीतले विरोधी सदस्य बाहेर पडले, समितीचे काम थांबले, देश यादवीच्या काठावर आला. त्या वेळी यूजीटीटीने मालकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना यांना सोबत घेतले. मालकांशी तिचे पगारावरून हाडवैर असायला हवे. पण त्याच वर्षी जानेवारीत दोघांनी सरकारसोबत सामाजिक करारावर सह्या केल्या होत्या, त्यामुळे एकमेकांच्या शब्दाचा अंदाज दोघांनाही होता. चौघांनी मिळून कार्यक्रम लिहून काढला: पक्षाबाहेरच्या माणसांचे हंगामी सरकार, राज्यघटना पूर्ण करणे, निवडणूक आयोग, निवडणुकीची तारीख. आधी कागदावर सही, मग चर्चेत खुर्ची, असा नियम ठेवला. २६ जानेवारी २०१४ रोजी घटना मंजूर झाली आणि सरकार बदलले.

राजकारण्यांनी ऐकले, कारण ही संघटना एका दिवसात देश बंद करू शकते हे त्यांनी फेब्रुवारीत बेलईद यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी पाहिले होते. आणि तिला स्वतःला सत्ता नको होती. दोन्हीपैकी एक गोष्ट नसती तर हे जमले नसते. पुढे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित करून सत्ता आपल्या हाती घेतली. तेव्हापासून युनियनवर पुन्हा दबाव आहे, पदाधिकाऱ्यांना अटकाही झाल्या आहेत. नोबेलने अशा दबावापासून संरक्षण मिळत नाही.

आमच्याकडे एका कारखान्यात चार झेंडे. ट्युनिशियात एकच संघटना कशी टिकली?
— जिनिंग कामगार, हिंगणघाट तालुका

तिथेही आज एकच नाही. २०११ नंतर छोट्या संघटना निघाल्या, पण यूजीटीटीएवढी कोणाची मुळे नाहीत. परक्या सत्तेविरुद्ध लढताना ती जन्मली, शिवाय देश छोटा आणि भाषा एक, हे तिच्या पथ्यावर पडले.

आपल्याकडे पहिली मोठी फूट विदर्भातच पडली. १९२० मध्ये लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या आयटक या देशपातळीवरच्या कामगार संघटनेचे १९२९ चे अधिवेशन नागपुरात झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. ब्रिटिशांनी नेमलेल्या कामगार आयोगावर बहिष्कार टाकायचा की नाही, यासारख्या प्रश्नांवरून ना. म. जोशी आणि त्यांचा मवाळ गट तिथून बाहेर पडला. पुढे इंटक १९४७ मध्ये, हिंद मजदूर सभा १९४८ मध्ये, भारतीय मजदूर संघ १९५५ मध्ये आणि सिटू १९७० मध्ये निघाली. यातल्या भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी तुमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे.

चार झेंड्यांचा कारखान्यात होणारा तोटा आता कायद्यातही दिसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार मालकाशी एकट्याने वाटाघाट करण्याचा हक्क ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला मिळतो. तेवढा कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनची मिळून परिषद बनते. म्हणजे दोनशे कामगारांत चार युनियननी पन्नास-पन्नास माणसे वाटून घेतली, तर चौघीही परिषदेत येतील आणि मालक चौघींना वेगवेगळे खेळवेल. एखादीकडे तीसच माणसे राहिली तर तिला बसायलाही मिळणार नाही. झेंडा प्रत्येकाने आपापला ठेवावा, पण मागण्यांचे पत्र एकच काढावे आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. कामगारांना ते पत्र वाचून दाखवले की कोणत्या पुढाऱ्याने शब्द फिरवला हे लपत नाही.

ट्युनिशियातल्या खाणकामगारांचा आमच्या डीएपीशी संबंध आहे असे ऐकले. खरे काय?
— शेतकरी, दर्यापूर

संबंध आहे. डीएपी या खताच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेले असते. त्यातला ४६ हा स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आकडा. तो स्फुरद खडकातून येतो. आपल्या देशात असा खडक कमी, म्हणून खडक आणि त्यापासूनचे फॉस्फोरिक आम्ल बाहेरून येते. मोरोक्को, जॉर्डन यांच्यासोबत ट्युनिशियाही त्या यादीत आहे. तिथे स्खिरा येथे भारतीय खत कंपन्यांच्या भागीदारीतला आम्लाचा कारखानाही आहे. पण कृषी केंद्रात ऐन हंगामात पोते मिळत नाही त्याला ट्युनिशिया क्वचितच जबाबदार असतो. आयात किती वेळेवर झाली, अनुदान किती आणि रेल्वेचा रेक कुठे उतरला यावर ते जास्त ठरते.

या खाणी देशाच्या नैर्ऋत्येला गाफ्सा भागात आहेत, आणि युनियन कुठे चुकते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरणही तिथलेच आहे. जानेवारी २००८ मध्ये खाण कंपनीच्या भरतीचा निकाल लागला आणि वशिल्याने जागा भरल्या म्हणून रेदेयेफ गावात लोक रस्त्यावर आले. युनियनच्या प्रादेशिक शाखेचा प्रमुख सत्ताधारी पक्षाचा खासदार होता. मजूर पुरवण्याच्या ठेक्यांतही त्याचे हितसंबंध आहेत, असा आंदोलकांचा आरोप होता. आंदोलन चालवले ते गावातल्या शिक्षकांच्या युनियनने. राष्ट्रीय नेतृत्वाने त्या शिक्षक नेत्याला आधी निलंबित केले, मग निलंबन मागे घेतले. सहा महिन्यांनी पोलिसांनी आंदोलन चिरडले, गोळीबारात माणूस मेला, नेते तुरुंगात गेले. राजवट पडल्यावरही नोकरीचा प्रश्न सुटला नाही. बेरोजगार तरुण रुळांवर बसू लागले. २०१० मध्ये ऐंशी लाख टनांच्या घरात असलेले उत्पादन पुढच्या वर्षांत निम्म्याच्याही खाली आले.

युनियनचा पदाधिकारी मजूर पुरवठ्याच्या ठेक्यात भागीदार असेल तर तो कामगाराच्या बाजूने बोलूच शकत नाही. आपल्याकडे जिनिंगमध्ये मुकादमच युनियनचा सचिव होतो तेव्हा नेमके हेच घडते. नियमावलीत एक ओळ घाला: ठेकेदार, मुकादम किंवा त्यांच्या घरचे माणूस पदाधिकारी होऊ शकणार नाही.

आम्ही तालुक्यातल्या पाच जिनिंगचे मजूर आहोत. युनियन नोंदवायची तर कुठून सुरुवात करावी? मागच्या वर्षी अर्ज परत आला.
— वणी तालुका

अर्ज का परत आला ते तुम्ही लिहिले नाही, पण हंगामी धंद्यात बहुतेक वेळा कारणे ठरलेली असतात. आधी कायद्याचे गणित पाहू.

अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात. शिवाय त्या कारखान्यातल्या किंवा उद्योगातल्या दहा टक्के कामगार अथवा शंभर कामगार, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढे सभासद हवेत, आणि तो आकडा सातच्या खाली चालत नाही. एका जिनिंगमध्ये साठ मजूर असतील तर दहा टक्के म्हणजे सहा, म्हणून सात लागतील. पाच जिनिंग मिळून तीनशे असतील तर तीस. ही संख्या अर्जाच्या दिवसापुरती नाही, नोंदणी टिकेपर्यंत कायम लागते. इथेच हंगामी युनियन मार खातात. रेचे (सरकी काढणारी यंत्रे) बंद पडले की मजूर गावी जातात, आणि पावसाळ्यात तपासणी झाली तर दाखवायला सभासद नसतात. यावर उपाय दोन आहेत. एका कारखान्याची युनियन काढण्याऐवजी तालुक्यातल्या जिनिंग-प्रेसिंग उद्योगाची काढा, म्हणजे वर्षभर राहणारे फिटर, वॉचमन, गोदामातले हमालही सभासद होतात. आणि अर्ज हंगाम ऐन भरात असताना, नोव्हेंबर ते जानेवारीत टाका.

सात सह्यांवर थांबू नका, पंधरा-वीस घ्या. अर्ज दिल्यानंतर आणि नोंदणी होण्यापूर्वी काही अर्जदार फुटले तरी निम्म्यापर्यंत अर्ज बाद होत नाही. पण सातच असतील आणि मालकाने चौघांना बोलावून सही मागे घ्यायला लावली, तर सगळे मुसळ केरात.

कागद पुढच्या क्रमाने तयार करा. पहिली सभा घ्या आणि इतिवृत्ताच्या वहीत तारीख, जागा, हजर माणसांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. त्या सभेत तीन ठराव स्वतंत्र लिहा: युनियन स्थापन केल्याचा, नियमावली मंजूर केल्याचा आणि अमुक-अमुक जणांना अर्ज करण्याचे अधिकार दिल्याचा. तिसरा ठराव लोक विसरतात आणि अर्ज तिथे अडतो. नियमावलीत युनियनचे नाव व उद्देश, निधी कशावर खर्च होईल, सभासदांची यादी कुठे ठेवली जाईल आणि ती कोण पाहू शकेल, वर्गणी किती, पदाधिकारी कसे निवडायचे व कसे काढायचे, वार्षिक सभा, दरवर्षीचे लेखापरीक्षण, नियम बदलण्याची आणि युनियन विसर्जित करण्याची पद्धत, हे सगळे हवे. दुसऱ्या युनियनची नियमावली उतरवून काढताना तिचे नाव एखाद्या कलमात तसेच राहते, तेही तपासा. सोबत अर्जदारांची नावे, काम व कामाचे ठिकाण आणि पदाधिकाऱ्यांची नावे, वये, पत्ते, व्यवसाय यांची यादी, तसेच प्रतिज्ञापत्र जोडा. युनियन वर्षभराहून जास्त काळ चालू असेल तर तिची मालमत्ता आणि देणी यांचे विवरणही लागते. अर्ज कामगार संघटनांच्या निबंधकाकडे जातो. नमुना आणि शुल्क आधी जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या, कारण नव्या संहितेमुळे जुने छापील फॉर्म चालणार नाहीत. जुन्या १९२६ च्या कायद्याखाली आधीच नोंदलेल्या युनियनला मात्र पुन्हा नोंदणी करायची गरज नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ नावांचा होतो. आधारवर एक नाव, हजेरीच्या वहीत दुसरे, बायांच्या बाबतीत कधी माहेरचे, कधी सासरचे. यादी आधारप्रमाणे करा आणि हजेरीतले नाव कंसात लिहा. कामावर असल्याचा पुरावा म्हणून हजेरी कार्ड, वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक किंवा मजुरी जमा झालेले बँक पासबुक चालते. ठेकेदाराच्या मजुराकडे यातले काहीच नसेल तर आधी नियुक्तिपत्र मागा. ते देणे आता बंधनकारक आहे, आणि लेखी मागणीची पोचही उपयोगी पडते. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. तोवर सह्या करणाऱ्यांची नावे बाहेर बोलू नका. युनियनमध्ये गेला म्हणून कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, पण अर्जाची पोच हातात असली तरच ते सिद्ध करणे सोपे जाते.

वर्गणी कोणी देत नाही. बिना पैशाची युनियन चालेल का?
— आशा कार्यकर्ती, गोंदिया जिल्हा

चालत नाही. ट्युनिशियाच्या सरकारनेही १९८५ मध्ये युनियन मोडायची ठरवली तेव्हा पगारातून वर्गणी कापून देणे बंद केले. पैशाची नाडी दुसऱ्याच्या हातात असली की तो हवी तेव्हा आवळतो. म्हणून वर्गणी हातानेच, माणसामाणसाकडून जमा करा.

दीडशे सभासद, महिन्याला वीस रुपये, तर वर्षाला छत्तीस हजार होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणीला दोन माणसे पाठवणे, झेरॉक्स, नोटरी, वकिलाची पहिली भेट यात भागते. देणगीवर चालणारी युनियन देणगीदार सांगेल तेव्हाच मोर्चा काढते.

लोक का देत नाहीत, तर पावती मिळत नाही म्हणून. पावतीपुस्तकाला छापील अनुक्रमांक घ्या, कार्बन ठेवा, पावतीवर महिना लिहा. पुस्तक कोणाला दिले आणि कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत दिले, याची वेगळी नोंद ठेवा. रद्द पावती फाडून टाकू नका, पुस्तकातच तिरपी रेघ मारून ठेवा. एकही क्रमांक गायब झाला की शंका तिथूनच सुरू होते. मानधन जमा झाल्यानंतरच्या तीन-चार दिवसांत वसुली करा, नंतर पैसा राहत नाही. खाते बँकेत युनियनच्या नावाने, दोन सह्यांचे हवे. हातात रोख किती ठेवायची याची मर्यादा ठरवून ती नियमावलीत लिहा. दर तीन महिन्यांनी जमाखर्च पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) बैठकीनंतर मोठ्याने वाचून दाखवा. निवडणुकीसाठी कोणी पैसा मागत असेल तर त्यासाठी वेगळा राजकीय निधी लागतो आणि तो ऐच्छिक असतो. तो न देणाऱ्याला युनियनमधून काढता येत नाही.

मजुरी वाढवली नाही तर लगेच काम बंद करता येते का?
— अचलपूर

नाही. घाई केली तर मजुरी जाते, वर खटला होतो. संपाची लेखी नोटीस दिल्यावर चौदा दिवस काम बंद करता येत नाही, आणि नोटिशीपासून साठ दिवसांच्या आत संप केला नाही तर ती नोटीस संपते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरतात. बेकायदा संपात गेलेल्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

खरी अडचण समेटाच्या बैठकीत आहे. समेट अधिकाऱ्याने (मालक-कामगारांत मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) पहिली बैठक घेतली की समेटाची कारवाई सुरू झाली असे धरतात. ती चालू असताना आणि संपल्यानंतर सात दिवस संप करता येत नाही. समजा तुम्ही १ फेब्रुवारीला नोटीस दिली आणि अधिकाऱ्याने १० तारखेला बैठक घेतली. त्याच्या अहवालाला चौदा दिवस धरले तर २४ फेब्रुवारी, वर सात दिवस. संप करायला मार्च उजाडतो. तोवर कापसाची आवक आटलेली असते, रेचे तसेही बंदच होणार असतात, आणि मालकाला काही फरक पडत नाही. जिनिंगच्या मजुरांनी मागणीपत्र दिवाळीच्या सुमारास आणि नोटीस नोव्हेंबरमध्येच द्यावी. तेव्हा यार्डात कापसाच्या गंज्या लागलेल्या असतात आणि मालकाला रोजच्या गाठी हव्या असतात.

मागणीपत्रात 'योग्य मजुरी द्या' असे लिहून उपयोग नाही. आजचा दर, मागितलेला दर, आठवड्याच्या ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर, मागील किती आठवड्यांचा चुकारा बाकी आणि कोणाचा किती, हे आकड्यांत लिहा. बारा तासांची पाळी चालत असेल तर प्रत्येकाने रोजची येण्या-जाण्याची वेळ आपल्या वहीत लिहावी. महिनाभराच्या चाळीस वह्या एकसारख्या बोलल्या तर मालकाच्या हजेरीपत्रकाला उत्तर देता येते. आणि काम बंद असताना कोणी यंत्राला हात लावला, रुईच्या गंजीजवळ विडी पेटवली, तर कायद्याचे कोणतेच संरक्षण उरत नाही. फाटकावर आपली चार जबाबदार माणसे पाळीपाळीने उभी ठेवा.

सालगडी आणि वेचणीच्या बायांची युनियन होऊ शकते का? आमचा मालक एक नाही.
— राळेगाव तालुका

होऊ शकते. शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९२१ चा करार भारताने १९२३ मध्येच मान्य केला, आणि ग्रामीण कामगारांच्या संघटनांचा करार १९७७ मध्ये. (संघटना स्वातंत्र्याचे जे दोन मूळ करार आहेत, ८७ आणि ९८ क्रमांकाचे, ते ट्युनिशियाने १९५७ मध्ये मान्य केले. भारताने अजून केलेले नाहीत, आणि ही आपल्या कामगार चळवळीची मोठी राहिलेली मागणी आहे.) असंघटित क्षेत्रातल्या युनियनमध्ये निम्म्यापर्यंत पदाधिकारी बाहेरचे चालतात, म्हणून लिहिता-वाचता येणारा गावातला तरुण हिशेब सांभाळायला घेता येईल. पण अध्यक्ष आणि खजिनदार मजुरांतलेच ठेवा.

मालक अनेक असले की वाटाघाट गावाच्या पातळीवर करावी लागते. वेचणीचा किलोमागे दर दसऱ्याच्या आधी ठरवा. पहिल्या वेच्याचा आणि शेवटच्या वेच्याचा दर वेगळा हवा, कारण शेवटी झाडावर कापूस कमी राहतो आणि तेवढाच दिवस घालवून निम्मे किलोही भरत नाहीत. गावात सर्वांना मान्य एकच काटा ठेवा आणि पाच किलोच्या वजनाने रोज सकाळी तपासा. ओला कापूस म्हणून किती कपात होईल तेही आधीच लिहून घ्या. शेतकरी स्वतः कर्जात असतो हे विसरून बोलणी केली तर गाव दुभंगते. दर कापसाच्या भावाशी जोडला, म्हणजे भाव वाढला तर वेचणीही वाढेल असे ठरले, तर दोघांनाही पटते.

सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. त्या दिवशी तोंडी न ठेवता एका कागदावर वर्षाची रक्कम, धान्य, कपडे, सुट्टीचे दिवस, आजारपणाचे काय, साप चावला किंवा फवारणीत विषबाधा झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे लिहा. घेतलेली उचल आणि तिची कपात मागच्या बाजूला तारखेसह लिहा. दोन प्रती करा, एक युनियनकडे राहू द्या. उचल फिटल्याची सही घेतली नाही तर ती पुढच्या सालात पुन्हा निघते, हे गावोगावी होते.

कार्यकारिणीत बायांच्या जागा नियमावलीतच राखून ठेवा. वेचणी करणाऱ्या जवळपास सगळ्या बाया आणि कमिटीत सगळे पुरुष, अशी युनियन वेचणीच्या दरावर भांडत नाही. यूजीटीटीसारख्या संघटनेतही कित्येक दशके वरच्या कार्यकारिणीत बाई नव्हती, २०१७ मध्ये एक निवडून आली. बैठक संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नका.

निवृत्त मास्तर युनियनचे अध्यक्ष होऊ शकतात का?
— समुद्रपूर

त्याच उद्योगातून निवृत्त झालेला किंवा कपातीत गेलेला कामगार बाहेरचा धरत नाहीत. मास्तर जिनिंगमध्ये कधी कामाला नव्हते, म्हणून ते बाहेरचेच. कारखान्याच्या युनियनमध्ये एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जो आकडा लहान तेवढेच बाहेरचे चालतात. नऊ पदाधिकारी असतील तर तिघे. मास्तरांना घ्यायचे तर सल्लागार करा आणि इतिवृत्त लिहायचे काम द्या. ते काम पंधरा दिवस जरी मागे पडले तरी पुढे आठवणीवर लिहावे लागते आणि सुनावणीत टिकत नाही.